वहिनींचे पिवळे स्फटिक

मयूर विहारमधल्या आमच्या घराला खोल्यांच्या मानाने मोठी अशी एक बाल्कनी आहे. हिवाळ्यात दुपारी तिथे ऊन रेंगाळतं आणि माझी बारा वर्षांची मुलगी पाय पसरून नखं रंगवत बसते. परवाच्या रविवारी मी आत मेथी निवडत होते आणि बाहेरून तो वास आला. गोडसर, थंड, नाकात जरा वर चढणारा. पेअर फार पिकलं की येतो तसा. नखांचा रंग ज्या द्रावकात कालवलेला असतो, त्याचा तो वास. माझी बोटं जुडीवर तशीच थांबली.

"आई, क्या हुआ?" मुलीने आत डोकावून विचारलं. "दार लोटू का? वास येतोय?"

"राहू दे. या वासात मी साडेपाच वर्षं काढलीत."

"नेलपॉलिशच्या?"

"स्फटिकांच्या."

"म्हणजे?"

"क्रिस्टल."

"अच्छा," ती म्हणाली आणि करंगळीकडे वळली. तिचं तेवढ्याने भागलं. माझं भागलं नाही. डोळ्यांसमोर येणारं काही नको असलं तर माणूस पापणी मिटू शकतो; वासाला पापणी नाही. तो आला की आपण जिथे असतो तिथून उठवून नेतो, आणि मला तो नेहमी एकाच ठिकाणी नेतो. दक्षिण दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात, जिथे खिडकी नव्हती, क्ष-किरणांच्या यंत्रासाठी बारा महिने गारवा राखलेला असायचा, आणि वर भर मे महिन्यात लूचे गरम वारे वाहत असताना मी स्वेटर घालून बसलेली असायचे.

माझं काम स्फटिकांचं होतं. मीठ, साखर, तुरटी यांचे स्फटिक सगळ्यांनी पाहिलेले असतात. आत काय चाललेलं असतं ते पाहायला क्ष-किरण लागतात. आत रेणू रांगांनी उभे असतात, शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला मुलं उभी राहतात तसे, ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या दिशेला तोंड करून. काही पदार्थ असे असतात की त्यांचे तेच रेणू दोन वेगळ्या तऱ्हांनी उभे राहू शकतात. माझ्या पदार्थाची एक मांडणी लिंबाच्या सालीसारखी पिवळी होती, सुईसारखी लांब; दुसरी पांढरी, चपट्या कपच्यांची. पिवळी सुई हळूहळू तापवत नेली की एका विशिष्ट तापमानाला तिच्यातले सगळे रेणू कूस बदलायचे आणि ती पांढरी व्हायची. वितळायची नाही, फुटायची नाही. घनच्या घन राहून आतून दुसरी होऊन जायची. या अवस्थांतराच्या वेळी रांगा नेमक्या कशा सरकतात ते अंशाअंशाने मोजणं, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता.

पहिल्या दोन वर्षांत पिवळ्या सुया मागाल तितक्या मिळत. संध्याकाळी द्रावण झाकून ठेवावं, सकाळी बीकरच्या तळाशी पिवळं गवत उगवलेलं असे. मी नाशिकहून आलेली, घरातली पहिलीच मुलगी इतकी शिकणारी. त्या सकाळी बीकर उजेडात धरताना वाटायचं, हे आपल्यासाठीच कुणीतरी केलंय. माझे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो, दिल्लीत जन्मलेले मराठी गृहस्थ होते. त्यांचं मराठी घरात ऐकून झालेलं, मध्येमध्ये हिंदीत घसरणारं. सूक्ष्मदर्शकातून सुई पाहून ते म्हणाले होते, "बिल्कुल परफेक्ट. हिला जपून ठेव यार, असं रोज मिळत नाही."

मग सरांच्या आई आजारी पडल्या आणि ते महिनाभर रजेवर गेले. मुख्य मोजमाप त्या महिन्यात झालं. मी एकटीने केलं. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत एक सुई बंद करून यंत्रावर बसवली, अंशाअंशाने तापवत नेली, आणि आठ दिवसांनी आकडे हाती आले तेव्हा रांगा सरकल्याचा सगळा माग त्यांत स्पष्ट होता. सर परतल्यावर आम्ही शोधनिबंध लिहून पाठवला. काही महिन्यांनी परीक्षकाचं उत्तर आलं. काम चांगलं आहे, पण बदलाच्या जवळपासचे अंश आणखी बारीक टप्प्यांनी मोजून दाखवा, इतकंच म्हणणं होतं. फार तर पंधरा दिवसांचं काम.

त्याच आठवड्यात एका सकाळी बीकरमध्ये पांढऱ्या कपच्या दिसल्या. मला वाटलं, द्रावण बिघडलं असेल. पुन्हा केलं. पुन्हा पांढरं. मग बाटलीत जपलेल्या जुन्या सुयाही एकेक करून निस्तेज होत पांढऱ्या पडल्या. आमच्या क्षेत्रात हे माहीत आहे, पुस्तकांत लिहिलेलं आहे, पण ते आपल्या वाट्याला येईल असं कोणाला वाटत नाही. जी मांडणी रेणूंना जास्त सोयीची, ती एकदा एखाद्या खोलीत जन्माला आली की तिची धूळ सगळीकडे पसरते. डोळ्यांना न दिसणारे कण बीकरला, कपड्यांना, केसांना चिकटतात. त्यातला एक जरी द्रावणात पडला तरी बाकीचे रेणू त्याच्या मागे तशाच रांगा लावतात. जुनी मांडणी मग त्या खोलीत पुन्हा जन्मत नाही. मी भांडी आम्लाने धुतली, भिंती पुसल्या, वरच्या मजल्यावरची खोली मागून घेतली. जिथे गेले तिथे पांढरं. धूळ माझ्यासोबतच चालत होती.

ते दीड वर्ष कसं गेलं हे मला नीट सांगता येत नाही, कारण त्या दिवसांना एकमेकांपासून वेगळं करणारं काही नव्हतं. शिष्यवृत्तीची मुदत संपली. वसतिगृहाची खोली दर तीन महिन्यांनी अर्ज करून वाढवून घ्यावी लागे. माझ्या बरोबरचे एकेक करून निघून गेले. मोजमापाशिवाय निबंध छापला जात नव्हता, निबंधाशिवाय प्रबंध सादर होत नव्हता, आणि सुईशिवाय मोजमाप नव्हतं. घरी परत जावं तर हातात काय घेऊन जायचं? रोज सकाळी एकवीस पायऱ्या उतरून तळघरात जायचं, बीकरवरचं झाकण काढायचं, पांढरं पाहायचं, पुन्हा द्रावण करायचं. आणि मग कुजबुज सुरू झाली. पिवळी सुई सगळ्यांनी पाहिली होती, पण तिचा बदल मोजताना कोणी पाहिलं होतं? वार्षिक आढाव्याच्या बैठकीत एका प्राध्यापकांनी सौम्य आवाजात विचारलं, नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना. सर माझ्या शेजारी बसले होते. ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत राहिले.

बाहेर आल्यावर जिन्यात ते थांबले. "एक विचारू? रागावू नकोस. त्या महिन्यात तू थकलेली होतीस. नळ्या मिक्स तर नाही झाल्या?"

"नाही सर."

"खात्री आहे?"

"तुम्हाला नाही का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "मला आहे," ते म्हणाले. "पण ती छापता येत नाही ना." आणि जिना चढून गेले. ते 'आहे' म्हणायला त्यांना जो क्षण लागला, तो मी पुढची कितीतरी वर्षं मोजत राहिले.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. माझा मोठा भाऊ फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि वहिनी तिथल्याच एका शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायच्या. मूळच्या सांगलीच्या. एम.एस्सी.ला पहिल्या आलेल्या, पुढे संशोधनाला प्रवेशही मिळालेला. तेवढ्यात लग्न ठरलं. ही माहिती आमच्या घरात एखाद्या जुन्या दागिन्याबद्दल बोलावं तशी बोलली जायची, होता एकेकाळी म्हणून. मी दिल्लीला आले तेव्हा दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचे. पुढे जाणं कमी केलं. कारण त्या दर वेळी विचारायच्या, "झालं का गं तुझं? मिळाले का पिवळे?" मला वाटायचं, त्या टोचून बोलतात. लग्नाचं वय निघून चाललेली, न संपणारं शिकणारी नणंद त्यांना दिसत असेल. मी तुटक उत्तरं द्यायचे, त्या पुन्हा पोळ्यांकडे वळायच्या. त्यांना खरोखरच पिवळ्यांबद्दलच जाणून घ्यायचं असेल, ही शक्यता माझ्या डोक्यात कधी आली नाही.

एप्रिलच्या शेवटी सरांनी मला सरोजिनी नगरला त्यांच्या सरकारी क्वार्टरवर बोलावलं. त्यांच्या पत्नी मंत्रालयात नोकरीला होत्या, त्यांचं ते घर. चहा झाल्यावर सर म्हणाले, "एकच रस्ता राहिलाय. नवीन जागा, नवीन माल, नवीन हात. जिथे हा पदार्थ कधी गेलाच नाही, आणि ज्याने आपल्या लॅबचा उंबरा पाहिला नाही असा माणूस. पण त्याला काम यायला पाहिजे. असं कोण आहे तुझ्या ओळखीत?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला वहिनी आठवल्या.

मी तीन महिने फरीदाबादला गेले नव्हते, माझ्या रुसव्यामुळे. तो रुसवा अचानक उपयोगाचा ठरला. तिथूनच फोन केला. सगळं ऐकून घेऊन वहिनींनी एकच विचारलं, "द्रावक कोणतं?" मी नाव सांगितलं. "शाळेला पुढच्या आठवड्यात सुट्टी लागते," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिकांना विचारते. तू मात्र घरी येऊ नकोस. कागदही पाठवू नकोस, तोही तुमच्या तळघरातलाच असणार. तोंडी सांग, मी उतरवून घेते." मी सांगत गेले आणि पलीकडून पेन चालल्याचा आवाज येत राहिला. मध्येच त्यांनी मला थांबवलं. "किती वेगाने थंड करायचं, ते नाही सांगितलंस." खरं तर मला ते ठाऊक नव्हतं. आम्ही नुसतं झाकून ठेवत होतो.

फोन ठेवल्यावर सरांच्या पत्नीने मला खालच्या बाजारात नेऊन दोन सुती कुडते आणि चपला घेऊन दिल्या. ते कपडे तळघरात न्यायचे नाहीत, त्यांच्याच घरी ठेवायचे. फरीदाबादला जायच्या दिवशी तिथे येऊन केसांवरून आंघोळ करायची आणि ते घालून निघायचं. एका स्फटिकासाठी सोवळं पाळणारी मी पहिलीच असेन. त्या काळी फरीदाबादला मेट्रो नव्हती. बदरपूरच्या सीमेपर्यंत बस, तिथून शेअर रिक्षा, आणि शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली उभं राहायचं. फाटकापलीकडे जायचं नाही, हे मीच स्वतःला घातलेलं बंधन. वहिनी पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत यायच्या, मोबाइल कानाला लावून. मी खाली, त्या वर. मधलं मैदान उन्हाने पांढरंफटक. इतकी वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसून आम्ही जितकं बोललो नसू तितकं त्या मैदानावरून बोललो.

पहिल्या दोन खेपांना काहीच धरलं नाही, नुसती पूड. तिसऱ्यांदा त्यांनी आपल्या मनाने एक गोष्ट केली. गरम पाण्याच्या पातेल्यात द्रावण तापवून, गाळून, बीकरला नीट झाकण लावून त्यांनी तो बाजारातून नव्या आणलेल्या, पोळ्या गरम ठेवायच्या कॅसरोलमध्ये ठेवला, चारी बाजूंनी टॉवेल कोंबले आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. "थंड व्हायला घाई झाली की चुकीच्या रांगा लागत असतील, असं मला वाटलं," त्या नंतर म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी तळघराच्या पायऱ्या उतरत होते. त्या म्हणाल्या, "लिंबाच्या सालीसारखा म्हणाली होतीस ना रंग?"

"हो."

"मग ये घेऊन जायला."

मी पायरीवरच बसले. वरून येणारे एक प्राध्यापक मला ओलांडून गेले, काय झालं म्हणून त्यांनी विचारलंही.

शाळेच्या चौकीदाराने मेणाने बंद केलेली छोटी बाटली फाटकातून हातात दिली. सुया तिथेच, खिडकीशी बसून, नवीन चिमट्याने वहिनींनी एकेका काचेच्या नळीत भरल्या होत्या आणि मेणबत्तीवर नळ्यांची तोंडं मिटवली होती. तेही मी फोनवर सांगितलं होतं. आता आत धूळ जाणार नव्हती. यंत्रावर पहिली नळी चढवली तेव्हा सर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि मोजमाप संपेपर्यंत रोज बसत राहिले. चौथ्या दिवशी, माझ्या जुन्या आकड्यांनी जो अंश सांगितला होता त्याच अंशाला रांगा सरकल्या. सरांनी वही ओढून घेतली, तापमान लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. मला ते काही बोलतील असं वाटत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "चहा मागवू?" एवढंच म्हणाले.

परीक्षकाच्या बारीक टप्प्यांसाठी आणखी सुया लागणार होत्या. वहिनींनी तसंच पुन्हा केलं, आणि पुन्हा. दर वेळी बाटली फाटकातून माझ्याकडे यायची, माझ्याकडून काही आत जायचं नाही. एकदा खिडकीतून त्या म्हणाल्या, "तो बदल एकदा बघायला मिळाला असता. मी येऊ का तुझ्या लॅबमध्ये, एका दिवसापुरती?"

"आलात तर परत जाऊन सुया करता येणार नाहीत, वहिनी."

"हो, ते आलंच," त्या म्हणाल्या. मी मान वर करून पाहिलं तेव्हा त्या खिडकीतून आत वळल्या होत्या. ज्यांच्या हातून ते स्फटिक जन्मत होते त्यांना एवढ्याचसाठी ते बदलताना पाहता येत नव्हतं. माझ्या सुटकेसाठी त्यांना बाहेर राहायचं होतं. त्या वेळी मला हे कळत होतं आणि मी घाईघाईने पुढच्या बाटलीचा विचार करत होते. अडकलेल्या माणसाला दुसऱ्याचं अडकणं दिसतं, पण त्याच्यापाशी थांबायला वेळ नसतो.

जूनच्या मध्यावर शेवटचा टप्पा मोजून झाला. ही बातमी फोनवर सांगावीशी वाटली नाही. नवा कुडता घालून मी गेले. धुळीची आंधी येऊन गेली होती, रस्त्यावर कडुनिंबाचा पाला पडला होता. या वेळी वहिनी खिडकीत न थांबता खाली उतरून फाटकाबाहेर आल्या. "झालं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि मग मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. भाऊबीज, दिवाळी, निरोप, कितीतरी प्रसंग येऊन गेले होते, पण आम्ही दोघी अशा कधी उभ्या राहिलो नव्हतो.

राखीव म्हणून आणखी थोड्या सुया असाव्यात असं सरांच्या मनात होतं. वहिनींनी दुसऱ्या दिवशी द्रावण लावलं. ते पांढरं आलं. त्यानंतरचंही पांढरं. नक्की कशाने ते सांगता येणार नाही. मी कितीही आंघोळी केल्या तरी दीड-दोन वर्षं त्या धुळीत राहिलेली होते. वहिनी हसून म्हणाल्या, "चला. आता मला यायला हरकत नाही."

त्या आल्या तेव्हा उन्हाळी सुट्टीचा शेवटचा आठवडा होता. इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला पर्स, हातात वही. एकवीस पायऱ्या त्या सावकाश, भिंतीला हात लावत उतरल्या. सरांनी त्यांना सगळं यंत्र दाखवलं, त्यांना मॅडम म्हणत. वहिनी नेमके प्रश्न विचारत होत्या आणि वहीत उतरवून घेत होत्या, जसं सतरा वर्षांपूर्वी उतरवून घेतलं असतं. शेवटी त्यांनी विचारलं, "डोळ्यांनी दिसतो का हो तो बदल?"

"सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो," सर म्हणाले. "पण आता एकच सुई उरलीये. पुरावा म्हणून ठेवलीये."

"मग राहू दे," वहिनी लगेच म्हणाल्या आणि पर्सची चेन लावू लागल्या.

मी टेबलाचा खण उघडून नळी बाहेर काढली.

"अगं, उद्या कोणी मागितली तर?" सर म्हणाले.

"तुम्ही बघितलंय, सर. वहीत तुमची सही आहे."

जिन्यातली गोष्ट त्यांनाही आठवली असावी. मग ते उठले आणि सूक्ष्मदर्शकातलं नीट दिसावं म्हणून खोलीतला मोठा दिवा त्यांनी मालवला. मी नळी तापत्या चकतीवर ठेवली आणि वहिनींना स्टुलावर बसवलं. मी तापमान वाचत होते. बराच वेळ काही झालं नाही. वहिनींनी श्वासही हळू केला होता. मग त्या म्हणाल्या, "एका टोकाला रेघ आलीय." थोड्या वेळाने, "सरकतेय." आणि मग, अगदी हलक्या आवाजात, "गेली पलीकडे." डोळा न काढता त्या तशाच बसून राहिल्या. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, आता ती एक साधी पांढरी सुई होती. "मला वाटलं होतं तडा जाईल," त्या म्हणाल्या. सरांनी दिवा लावला तेव्हा वहिनींचे डोळे ओले होते. दोन्ही, सूक्ष्मदर्शकाला लावलेला आणि मिटलेला.

इथपर्यंतचं मी पुष्कळांना सांगितलं आहे. पुढचं सांगत नाही. निबंध पुन्हा लिहिताना वर नावं कोणाची घालायची हा प्रश्न आला. मी म्हटलं, वहिनींचं घालू या. सर म्हणाले, "मला काही प्रॉब्लेम नाही. पण पत्ता काय देणार? शाळेचा? संपादक विचारतील, पुन्हा दोन महिने जातील. बघ, तूच ठरव." त्यांनी खरोखरच माझ्यावर सोपवलं होतं. आणि दोन महिने हे शब्द ऐकल्यावर मला वसतिगृहाचा पुढचा अर्ज दिसला, त्या पायऱ्या दिसल्या. मी म्हटलं, आभारात घालू. निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ आली, नमुने तयार करण्यात मदत केल्याबद्दल. कॅसरोल आणि टॉवेल यांचं तिथे 'द्रावण सावकाश थंड होऊ दिले' असं झालं. तीन महिन्यांत मला पदवी मिळाली, वर्षभरात पूर्व दिल्लीतल्या एका कॉलेजात नोकरी, मग लग्न, मग हे घर.

छापलेली प्रत घेऊन मी फरीदाबादला गेले होते. वहिनींनी हात पुसून ती घेतली, ओट्याशी उभ्यानेच शेवटचं पान काढलं आणि ती ओळ वाचली. "आडनाव सासरचं आहे," त्या म्हणाल्या.

"चुकलं का?"

"चूक नाही. शाळेत तेच आहे. माझ्या डिग्रीवर माहेरचं आहे, म्हणून म्हटलं." त्यांनी प्रत घडी न करता कपाटात नेऊन ठेवली आणि विचारलं, "जेवून जाणार ना?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हे मी तेव्हाही ओळखलं होतं. असती तर मला काहीतरी करावं लागलं असतं. ती नव्हती, म्हणून ते वाक्य आजवर माझ्याजवळ आहे.

त्या रविवारी, मेथी तशीच टाकून, मी त्यांना फोन केला. भाऊ आता निवृत्त झाला आहे, वहिनींचे गुडघे दुखतात, तरी अजून चार मुली शिकवणीला येतात. मी म्हटलं, तुमच्यावर लिहावंसं वाटतंय, त्या उन्हाळ्यावर. "लिही की," त्या म्हणाल्या.

"तुमचं नाव घालते. माहेरचं, डिग्रीवरचं."

पलीकडे मागे कुठेतरी एक मुलगी समीकरण मोठ्याने वाचत होती आणि अडखळत होती.

"आता नको," वहिनी म्हणाल्या. "त्या नावाने मला हाक मारणारं आता कोणी राहिलं नाही. छापलेलं वाचलं तर मलाच ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटेल." मग त्यांनी फोन जरासा बाजूला धरून त्या मुलीला सांगितलं, "पुन्हा वाच. सावकाश वाच." आणि मला म्हणाल्या, "ठेवू? हिचं राहिलंय."

मी पुन्हा मेथी निवडायला बसले. जे वेळेवर दिलं नाही ते नंतर देता येतं, अशी माझी समजूत होती. मध्ये पंधरा वर्षं गेली तर घेणारं माणूसच निघून गेलेलं असतं, त्याच घरात, त्याच आवाजात बोलत असलं तरी. म्हणून हे नाव न घालता लिहिलं आहे. वहिनींना वाचून दाखवेन. त्या कुठेतरी मला थांबवतील आणि एखादं तापमान दुरुस्त करायला सांगतील, ते मी करीन.